नदीच्या काठाने समुद्रापर्यंत: क्वेबेकमध्ये स्वतः गाडी चालवत फिरायचं तर

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा आणि साताऱ्याहून आलेले दादा-वहिनी, माँट्रियलहून भाड्याची गाडी घेऊन निघालो. सेंट लॉरेन्स नदीच्या काठाने गास्पे द्वीपकल्पाच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. अठरा दिवस, सुमारे अडीच हजार किलोमीटर. आम्ही टोरंटोजवळ मिसिसागाला राहतो, कॅनडात गाडी चालवायची सवय आहे, तरी निघण्याआधीचा महिनाभर डोक्याला ताप होता. उद्यानांचा कोणता पास घ्यायचा, दादाचा भारतातला परवाना चालेल का, पाट्या वाचता येतील का, वहिनी शाकाहारी म्हणजे खायचं काय? उत्तरं शंभर ठिकाणी विखुरलेली होती. ती इथे एकत्र लिहिते आहे, म्हणजे भारतातून येणाऱ्यांचे आणि इथे नव्याने राहायला आलेल्यांचे हेलपाटे वाचतील.

क्वेबेक हा कॅनडाचा फ्रेंच बोलणारा प्रांत, पण फ्रेंचचं दडपण घेऊ नका. सगळी मिळून पंचवीसेक शब्दांची गरज पडते. खरी फजिती होते ती अंतर आणि तारखा यांचा अंदाज चुकल्यामुळे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

१. आधी महिना ठरवा, विमानाचं तिकीट नंतर

जून सुंदर असतो, पण जंगलात काळ्या माश्या आणि डास अक्षरशः फोडून काढतात. जुलैच्या शेवटच्या दोन आठवड्यांत क्वेबेकमधल्या बांधकाम क्षेत्राला एकदम सुट्टी असते आणि तिच्या जोडीने अर्धा प्रांत फिरायला बाहेर पडतो. त्या पंधरा दिवसांत गास्पेकडे मोटेलची खोली मिळणं कठीण, फेरीबोटींना लांब रांगा आणि सगळ्याचे भाव चढे. हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ लोक नेमके तेव्हाच जातात.

आणखी दोन तारखा वहीत लिहून ठेवा. २४ जून हा क्वेबेकचा राष्ट्रीय सण, बरंच काही बंद असतं. १ जुलैला माँट्रियलमध्ये भाडेकरूंची घरं बदलतात, त्यामुळे गल्ल्या सामानाच्या ट्रकांनी भरलेल्या असतात. त्या दिवशी शहरात गाडी आणूच नका.

माझं मत विचाराल तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा मध्य. डास गेलेले असतात, देवमासे अजून असतात, खोल्या मिळतात. पानांचे रंग बघायचे तर सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा गाठा, पण तोपर्यंत गास्पेकडची बरीच हॉटेलं हंगाम आटोपायला लागलेली असतात. हिवाळ्याचा विचार पहिल्याच सहलीत करू नका. तिथे नोंदलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे असतात. तसे टायर लावूनही बर्फात गाडी सांभाळणं हा वेगळाच अभ्यास आहे.

२. कागदपत्रं

– भारतीय पासपोर्ट आणि कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा. क्वेबेकसाठी पर्यटकाला वेगळा व्हिसा लागत नाही.
– मूळ ड्रायव्हिंग लायसन्स, कार्डच हवं. मोबाइलमधल्या प्रतीवर विसंबू नका.
– आंतरराष्ट्रीय परवाना. पर्यटकाला सहा महिन्यांपर्यंत आपल्या देशाच्या परवान्यावर क्वेबेकमध्ये गाडी चालवता येते आणि लायसन्स इंग्रजीत असेल तर कायद्याने भागतं. तरीही हा काढून ठेवा, कारण गाडी भाड्याने देणारा काउंटरवरचा माणूस तो मागू शकतो. आपल्या आरटीओकडे नमुना ४-अ भरून, १,००० रुपये शुल्क देऊन मिळतो आणि एक वर्ष चालतो. मूळ लायसन्स सोबत नसेल तर नुसत्या या पुस्तिकेला किंमत नाही.
– मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड. नुसतं डेबिट कार्ड घेऊन काउंटरवर उभं राहू नका, अनामत रक्कम बहुतेक ठिकाणी क्रेडिट कार्डावरच अडकवतात.
– प्रवासी वैद्यकीय विमा. इथला दवाखाना पर्यटकाला फुकट नाही आणि एका रात्रीचं बिल ऐकून पोटात गोळा येतो.
– सगळ्या बुकिंगच्या छापील प्रती. डोंगरात नेटवर्क जातं, तेव्हा कागदच उपयोगी पडतो.

३. नकाशावर आधी नदी शोधा

क्वेबेकचा नकाशा पहिल्यांदा बघितला की गोंधळ होतो. त्यावर उपाय म्हणजे सेंट लॉरेन्स नदी बोटाने गिरवा. माँट्रियल, क्वेबेक शहर, तादुसाक, रिमुस्की, गास्पे ही सगळी गावं तिच्याच काठावर आहेत. नदी आधी गोडी असते, मग हळूहळू खारी होते, पात्र इतकं रुंदावतं की समोरचा काठ दिसेनासा होतो, भरती-ओहोटी सुरू होते. स्थानिक लोक मात्र तिला तरीही नदीच म्हणतात. त्यांच्या भाषेत ‘फ्लव’.

महामार्गांचे क्रमांकही नदीवरून समजतात: सम क्रमांकाचे मोठे रस्ते नदीला समांतर, विषम क्रमांकाचे आडवे. ‘पूर्व’ म्हणजे नदीच्या मुखाकडे आणि ‘पश्चिम’ म्हणजे माँट्रियल-ओटावाकडे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आमचे दिवस असे गेले: माँट्रियल दोन, क्वेबेक शहर दोन, शार्लव्वा एक, तादुसाक दोन. मग फेरीबोटीने दक्षिण काठावर येऊन बिक आणि ग्राँ-मेती मिळून दोन, गास्पे राष्ट्रीय उद्यान दोन, फोरियों दोन, पेर्से एक आणि परतीला दोन. उरलेले दोन दिवस पावसासाठी राखीव होते. दोन्ही वापरावे लागले.

तुमच्याकडे आठच दिवस असतील तर गास्पे सोडून द्या. माँट्रियल, क्वेबेक शहर, शार्लव्वा, तादुसाक आणि परत, एवढंच करा. क्वेबेक शहरापासून पेर्से साडेसातशे किलोमीटरच्या आसपास आहे. नकाशावर ते एका दिवसाचं वाटतं, पण किनाऱ्याचा १३२ क्रमांकाचा रस्ता गावागावांतून जातो, ताशी ९० वरून ५० वर यावं लागतं आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी ‘थांब, थांब, फोटो’ म्हणतंच. दिवसाला अडीचशे ते तीनशे किलोमीटरच्या वर ठरवू नका.

४. गाडी घेताना

छोटी एसयूव्ही पुरते. एका गाडीत चौघं आणि चार मोठ्या बॅगा मावत नाहीत, प्रत्येकी एक मध्यम बॅग ठरवा. दुसरा चालक असेल तर त्याचं नाव करारात लिहून घ्याच. आम्ही दादाचं नाव टाकलं, रोजचे थोडे जास्त पैसे गेले, पण करारात नाव नसलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला तर विमा हात वर करतो. चालक पंचविशीच्या आतला असेल तर बहुधा जादा आकार पडतो. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात गाडी सोडायची तर त्याचे वेगळे पैसे आधी विचारा. उद्यानांतले काही रस्ते खडीचे आहेत, म्हणून कच्च्या रस्त्यावरच्या नुकसानीबद्दल करारात काय लिहिलंय ते सहीआधी वाचा.

ताब्यात घेताना गाडीभोवती मोबाइलने एक पूर्ण व्हिडिओ काढा. चाकांच्या रिंगा, समोरची काच, छत सगळं त्यात येऊ द्या. स्टेपनी आहे का तेही डिकी उघडून बघा, काही गाड्यांत नुसता हवा भरायचा पंप असतो.

भारतातून थेट येणाऱ्यांसाठी खास सूचना: इथे उजव्या बाजूने चालायचं. सरळ रस्त्यावर ते पंधरा मिनिटांत अंगवळणी पडतं. चूक होते ती पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना आणि रिकाम्या चौकात डावीकडे वळताना, कारण समोर गाडी नसली की जुनी सवय हात धरून नेते. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणाला मोठ्याने ‘उजवी बाजू’ म्हणायचं, असा नियम आम्ही केला. पहिल्या दिवशी वहिनीने तो एवढ्या निष्ठेने पाळला की तादुसाकपर्यंत दादाला आठवण करून द्यायची गरजच उरली नव्हती.

५. पाट्या आणि नियम

क्वेबेकमध्ये १९७७ पासून फ्रेंच भाषेचा कायदा आहे आणि रस्त्यावरच्या पाट्या फ्रेंचमध्येच असतात. हे शब्द निघण्याआधी पाठ करा:

आरे – थांबा. मुंबईच्या आरे कॉलनीतला ‘आरे’च. लाल अष्टकोनी पाटीवर असतो.
सॉर्ती – महामार्गावरून बाहेर पडायचा फाटा. फाट्याचा क्रमांक म्हणजे किलोमीटर.
नॉर, स्यूद, एस्त, वेस्त – उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम. ‘वेस्त’चं पहिलं अक्षर ओ आहे, त्यामुळे पत्त्यात नुसता ओ दिसला तर तो पश्चिम.
त्राव्हो – काम चालू. देतूर – वळणरस्ता. नारिंगी पाटी दिसली की वेग कमी करा.
पेआज – टोल. माँट्रियलजवळ २५ आणि ३० क्रमांकांच्या महामार्गांवरच्या पुलांना टोल आहे. नको असेल तर नकाशात टोल टाळण्याचा पर्याय निवडा.
एसाँस – पेट्रोल. ऑर्दिनेर म्हणजे साधं, तेच भरा.
उव्हेर – उघडं. फेर्मे – बंद. काँप्ले – जागा शिल्लक नाही.

आता नियम. महामार्गावर कमाल १०० आणि किमान ६०, बाहेरच्या रस्त्यांवर बहुधा ९०, गावात ५०, शाळेजवळ ३०. माँट्रियल बेटावर लाल दिव्याला उजवीकडे वळणं सरसकट मना आहे. बेटाबाहेर, पाटीने मनाई केली नसेल तर, पूर्ण थांबून वळता येतं. टोरंटोकडून येणारे इथेच चुकतात. हिरवा दिवा लुकलुकत असेल तर समोरचे थांबलेले आहेत आणि तुम्ही निर्धास्त डावीकडे वळू शकता. पिवळ्या शाळा-बसचे लाल दिवे लागले की मागच्याने आणि समोरच्यानेही पाच मीटरहून जास्त अंतर ठेवून थांबायचं, मधे दुभाजक असेल तर फक्त समोरच्याला सूट. चारही बाजूंना ‘आरे’ असलेल्या चौकात जो आधी आला तो आधी जातो. तिथे घाई करू नका आणि उगाच अतिसौजन्यही दाखवू नका, त्यानेच घोळ होतो. रडारचा सुगावा देणारं यंत्र गाडीत ठेवणंसुद्धा इथे बेकायदा आहे.

६. माँट्रियल: गाडी नंतर घ्या

माँट्रियलमध्ये फिरायला मेट्रो उत्तम आहे, १९६६ पासून चालू आहे. जुना भाग, नोत्र-दाम बॅसिलिका, २३३ मीटर उंचीची माँ-रोयाल टेकडी, ज्याँ-तालों मंडई, यांतल्या एकाही ठिकाणी गाडीचा उपयोग नाही. शहर बघून झाल्यावर निघायच्या दिवशी सकाळी गाडी ताब्यात घ्या. दोन दिवसांचं भाडं आणि पार्किंग दोन्ही वाचतं.

आम्ही एक दिवस आधी घेतली आणि त्याचा फटका बसला. रस्त्याकडेला एका खांबावर एकाखाली एक चार पाट्या होत्या. सगळ्यात वर लाल रेघ मारलेला पी, त्याखाली वेळ, त्याखाली ‘मार’ अशी तीन अक्षरं, सगळ्यात खाली बाण. ‘मार’ म्हणजे मार्च असं समजून आम्ही सप्टेंबरात निश्चिंत गाडी लावली. ते मार्दीचं लघुरूप होतं, म्हणजे मंगळवार. आणि त्या दिवशी मंगळवारच होता. परत आलो तर वायपरखाली दंडाची चिठ्ठी.

म्हणून वार पाठ करा: लं सोमवार, मार मंगळवार, मेर बुधवार, जे गुरुवार, व्हाँ शुक्रवार, साम शनिवार, दिम रविवार. खांबावरच्या सगळ्या पाट्या वाचा, कारण प्रत्येकीची अट वेगळी असते. बाण कुठे रोखलाय ते बघा. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाची असते, म्हणजे १५ एच ३० म्हणजे दुपारचे साडेतीन. मनात जराही शंका असेल तर पैसे देऊन बंदिस्त पार्किंगमध्ये लावा.

शहर सोडण्यापूर्वी पार्क-एक्स्टेन्शन भागात जा. तिथे भारतीय किराणा मिळतो. तांदूळ, मूगडाळ, पोहे, मसाले भरून घ्या, यापुढे असं दुकान भेटणार नाही.

७. क्वेबेक शहर आणि शार्लव्वाचे घाट

माँट्रियलहून क्वेबेक शहर अडीचशे किलोमीटर. २० क्रमांकाचा रस्ता सरळ आणि कंटाळवाणा आहे. वेळ असेल तर नदीच्या उत्तर काठाने १३८ धरा. हा ‘राजरस्ता’ १७३७ मध्ये पुरा झाला आणि आजही जुन्या दगडी घरांच्या, चर्चच्या गावांतून जातो.

सॅम्युएल द शाँप्लेंने १६०८ मध्ये वसवलेल्या या शहराला अजून तटबंदी आहे. मेक्सिकोच्या उत्तरेला तट शाबूत असलेलं हे एकच शहर, आणि जुना भाग १९८५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. गल्ल्या अरुंद आणि चढाच्या. गाडी तटाबाहेर ठेवून चाला. एका संध्याकाळी लेव्हीला जाणाऱ्या फेरीबोटीने नुसतं पलीकडे जाऊन परत या. पाण्यातून दिवे लागलेला शातो फ्राँतनाक, म्हणजे किल्ल्यासारखं दिसणारं जुनं हॉटेल, बघायला मिळतो आणि खर्च अगदी थोडा.

शहराबाहेरचा माँमोरांसी धबधबा ८३ मीटरचा, नायगाऱ्यापेक्षा उंच. बाजूने ४८७ पायऱ्यांचा लाकडी जिना आहे. गुडघे कुरकुरत असतील तर केबल-कारने वर जा आणि जिन्याने उतरा.

यापुढे शार्लव्वा सुरू होतं. चाळीसेक कोटी वर्षांपूर्वी इथे अशनी आदळला होता आणि त्याच्या पन्नासहून जास्त किलोमीटर रुंद विवरात बे-सें-पोल आणि मालबे ही गावं वसली आहेत. रस्ता म्हणजे आपला घाटच. बे-सें-पोलपासून ३६२ क्रमांकाचा नदीकाठचा रस्ता घ्या, मुख्य १३८ पेक्षा कितीतरी देखणा आहे, पण उतार तीव्र आहेत. ऑटोमॅटिक गाडी आहे म्हणून ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. कुंभार्लीत दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो तसंच इथेही खालचा गिअर टाका. चाकांतून करपल्यासारखा वास आला तर थांबून ब्रेक निवू द्या.

८. तादुसाक: फुकटची फेरीबोट आणि पांढऱ्या पाठी

बे-सेंत-कॅथरीनला रस्ता पाण्यात जाऊन संपतो. समोर सागने नदी, पूल नाही. दाभोळ-धोपावेसारखी गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट आहे, पण ती सरकारी, रात्रंदिवस चालणारी आणि विनाशुल्क. दहा मिनिटांत पलीकडे. बुकिंग नसतं, रांगेत उभं राहायचं. बोटीवर गाडीत बसून राहू नका, हँडब्रेक लावा आणि कठड्याशी जा.

आम्ही गेलो तेव्हा सकाळचं धुकं नुकतं विरत होतं. काळ्याशार पाण्यात पांढरा फेस दिसला, तो लाटेचा असेल म्हणून मी सोडून दिला. फेस पुन्हा वर आला, या वेळी गोल, गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखा, आणि फूस्स आवाज करून श्वास सोडून खाली गेला. बेलुगा, म्हणजे पांढरा देवमासा. मग दुसरा, त्यामागे राखाडी रंगाचं पिल्लू. बोट काठाला लागेपर्यंत कुणीच बोललं नाही.

इथे सागनेचं पाणी सेंट लॉरेन्सला मिळतं, खोल थंड पाणी वर उसळतं, त्याबरोबर खाद्य येतं आणि खाद्यामागे देवमासे. १९९८ पासून हा भाग सागरी उद्यान आहे. बेलुगा धोक्यात आहेत, त्यांच्यापासून बोटींनी ४०० मीटर लांब राहायचं असतं, म्हणून ‘बेलुगाच्या जवळ नेतो’ असं कुणी म्हणालं तर त्याच्या बोटीत बसू नका. खरं तर बोटीचीच गरज नाही. बे-सेंत-कॅथरीनजवळची प्वांत-न्वार आणि बेर्जरोनजवळचं काप-द-बाँ-देझीर या दोन जागी खडकावर बसून देवमासे दिसतात. दुर्बीण, थर्मास आणि दोन तासांचा धीर हवा. मोठ्या बोटीत गेलात तर ऑगस्टमध्येही लोकरी टोपी आणि वाऱ्याचं जाकीट घाला, नदीवर हाडं गोठतात.

दक्षिण काठावर जायला फेरीबोटीनेच परत फिरून सें-सिमेओंला या. तिथून रिव्हिएर-द्यु-लूची फेरीबोट सुटते, ६५ मिनिटांची, हिला मात्र पैसे पडतात. भरती-ओहोटीनुसार वेळा बदलतात म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक बघा आणि तासभर आधी पोहोचा. दिवसाची शेवटची बोट हुकली तर क्वेबेक शहरापर्यंत उलटं जाऊन पूल ओलांडावा लागतो आणि अख्खा दिवस जातो.

९. उद्यानांचे पास: दोन वेगळ्या दुनिया

ही सगळ्यात मोठी गफलत आहे. क्वेबेकमध्ये ‘पार्क नास्योनाल’ लिहिलेली बहुतेक उद्यानं केंद्र सरकारची नसून प्रांताची आहेत. बिक, गास्पे, ओत-गोर्ज, सागने फ्योर्ड, जाक-कार्तिए ही सगळी सेपाक या प्रांतीय संस्थेकडे येतात. फोरियों आणि मोरिसी ही केंद्राच्या पार्क्स कॅनडाकडे. एकाचा वार्षिक पास दुसरीकडे चालत नाही. या मार्गावर प्रांतीय उद्यानं जास्त आहेत, म्हणून चारपाच दिवस उद्यानांत जाणार असाल तर सेपाकच्या पासचा हिशेब आधी करा. एका दिवसाचं प्रवेशशुल्क माणशी साधारण दहा डॉलर आहे, सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना नाही.

तंबू, गाद्या, शेगडी तयार असलेल्या जागा सेपाक देते. आपल्यासारख्या सामान न बाळगणाऱ्यांना ती सोय फार चांगली, पण महिनोन्‌महिने आधी भरते. ‘रेझेर्व्ह फोनिक’ असं लिहिलेलं क्षेत्र वेगळं: तिथे शिकार-मासेमारी चालते, पंप आणि नेटवर्क यांचा पत्ता नसतो. आत शिरण्याआधी टाकी भरा.

अन्नाचा कण तंबूत ठेवू नका, अस्वलं असतात. सगळं गाडीत, काचा बंद. वेफरचं रिकामं पाकीटसुद्धा.

१०. गास्पे

सेंत-फ्लाव्हीला एक चकवा आहे. १३२ हा रस्ता द्वीपकल्पाला वळसा घालून स्वतःलाच येऊन मिळतो, त्यामुळे फाट्यावर दोन्हीकडे १३२ च लिहिलेलं दिसतं. क्रमांक सोडा, गावाचं नाव बघा: मातान म्हणजे उत्तर किनाऱ्याने, आमकी म्हणजे आतल्या खोऱ्याने. हा वळसा सुमारे ८८५ किलोमीटरचा आहे.

कुठल्या बाजूने जावं? उलट दिशेने, म्हणजे आधी आमकी, गेलं तर गाडी पाण्याच्या बाजूला राहते आणि थांबे सोपे पडतात, पण उत्तर किनाऱ्यावर दुपारनंतर सूर्य डोळ्यांत येतो. आम्ही मातानकडून गेलो आणि तेच सुचवते: पाठीवर ऊन, समोर लांबवर कडे, आणि शेवटी पेर्से. ते शेवटी असणंच योग्य.

वाटेत ग्राँ-मेतीची बाग चुकवू नका. एल्सी रेफर्ड यांनी गेल्या शतकात लावलेली ही बाग हिमालयातल्या निळ्या खसखशीच्या फुलांसाठी प्रसिद्ध आहे. ती साधारण जूनच्या शेवटापासून जुलैपर्यंत फुलतात, सप्टेंबरात आम्हाला नुसती पानं दिसली. वहिनी त्या वाफ्यापाशी बराच वेळ उभी होती. आपल्या डोंगरातलं झाड इतक्या लांब, इतक्या थंडीत कुणीतरी जपलंय याचं तिला फार अप्रूप वाटलं.

गास्पे राष्ट्रीय उद्यानात माँ जाक-कार्तिए हे १,२६८ मीटरचं शिखर आहे. माथ्याच्या पठारावर कॅरिबूंचा, म्हणजे रेनडिअर जातीच्या हरणांचा, सेंट लॉरेन्सच्या दक्षिणेकडचा शेवटचा छोटा कळप उरला आहे आणि त्याला त्रास नको म्हणून वाट ठराविक महिन्यांत, दिवसाच्या ठराविक तासांतच उघडते. वेळा बघूनच निघा, उशिरा पोहोचलात तर वर सोडत नाहीत आणि तेच बरोबर आहे.

फोरियों उद्यानात खडकाळ किनारा, दीपगृह, सील आणि साळिंदरं भेटली. पण ग्राँद-ग्राव्हची रिकामी कोळीघरंही बघा. १९७० मध्ये उद्यान करताना दोनशेहून जास्त कुटुंबांना इथून उठवलं आणि २०११ मध्ये कॅनडाच्या संसदेने त्यांची माफी मागितली. कोयनेच्या पाण्यामुळे गाव सोडावं लागलेल्यांच्या गोष्टी दादाने लहानपणापासून ऐकल्या आहेत. एका घराच्या उंबऱ्यावर तो बराच वेळ बसून राहिला.

पेर्सेचा कमानीचा खडक चारशेहून जास्त मीटर लांब आणि ८८ मीटर उंच आहे. १८४५ पर्यंत त्याला आणखी एक कमान होती, ती कोसळली. आजही दगड पडतात, म्हणून ओहोटीला पायथ्याशी जायचा मोह आवरा. बोटीने बोनाव्हेंत्यूर बेटावर जा, पाऊण तास चालून पलीकडच्या कड्यावर पोहोचा. लाखभर गॅनेट पक्षी. आधी वास येतो, सुकट वाळत घातल्यासारखा, मग कलकलाट, आणि मग झाडी संपते आणि दोरीपलीकडे दोन हातांवर पांढरे पक्षी, फिक्या पिवळ्या डोक्यांचे, निळ्या कडेच्या डोळ्यांचे. नर-मादी चोचीवर चोच घासून एकमेकांना ओळखतात. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ हातावर लिहून ठेवा, भान राहत नाही.

रात्रीची गाडी इथे चालवूच नका. गास्पे वेळेच्या पट्ट्यात फार पूर्वेला आहे, सप्टेंबरच्या मध्यात साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधार पडताना मूस रस्त्यावर येतात, फ्रेंचमध्ये ओरिन्याल. घोड्यापेक्षा उंच आणि लांब पायांचा हा प्राणी धडकेत सरळ काचेवर येतो. त्याची पिवळी पाटी दिसली की वेग कमी करा.

११. खाणंपिणं, पेट्रोल, पैसे

जेवणांची नावं फ्रान्सहून वेगळी: देझने म्हणजे सकाळची न्याहारी, दिने दुपारचं जेवण, सूपे रात्रीचं. गावांत स्वयंपाकघर रात्री आठला बंद होतं, सातला टेबलावर बसा.

शाकाहारी मंडळींनो, पुतीन या इथल्या प्रसिद्ध पदार्थात बटाटा आणि चीज असलं तरी वरचा रस्सा बहुतेक वेळा मांसाच्या अर्काचा असतो. पारंपरिक वाटाण्याच्या सुपात आणि उसळीसारख्या दिसणाऱ्या घेवड्यात डुकराचं मांस असतं. ‘वेझेतारियें’ म्हटल्यावर मासा पुढे येऊ शकतो, म्हणून सविस्तर सांगा: ‘साँ व्याँद, साँ पुले, साँ प्वासों’, म्हणजे मांस, कोंबडी, मासा नको. वहिनीने हे कागदावर लिहून घेतलं होतं, पाचव्या दिवशी कागद लागेनासा झाला. छोटं स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घ्या आणि खिचडी करा. भारतातून विजेचा कुकर आणू नका, इथे वीज १२० व्होल्टची आहे.

कुणाशीही बोलताना आधी ‘बाँझूर’ म्हणा आणि मग इंग्रजीत विचारा. थेट इंग्रजीत सुरुवात केली की चेहरे मिटतात, बाँझूरने उघडतात. गास्पेतल्या एका दुकानातल्या आजींना इंग्रजी येत नव्हतं आणि मला फ्रेंच. त्यांनी हाताला धरून मला मिठाच्या कप्प्यापाशी नेलं.

पंपावर यंत्र भारतातलं कार्ड नाकारू शकतं. तसं झालं तर आत जाऊन आधी पैसे भरा. टाकी अर्ध्यावर आली की भरायची, हा गास्पेतला नियम. किमतींवर १४.९७५ टक्के कर वेगळा पडतो आणि बसून जेवलात तर साधारण १५ टक्के टीप, तेव्हा मेनूवरच्या आकड्यात तिसरा हिस्सा मिळवूनच हिशेब करा.

आणीबाणीला ९११, रस्त्यांच्या स्थितीसाठी ५११, तब्येतीच्या सल्ल्यासाठी ८११. नकाशे आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा.

१२. परतताना

शालर उपसागराच्या काठाने, मातापेदियाच्या खोऱ्यातून परत या. या पट्ट्यात पलीकडचा काठ न्यू ब्रन्सविकचा, तिथलं घड्याळ क्वेबेकच्या एक तास पुढे. मोबाइल पलीकडचा टॉवर पकडतो आणि स्वतःच वेळ बदलतो. कार्लतोंच्या मोटेलवर आम्ही गजर लावून झोपलो आणि एक तास आधीच उठून, आवरून, अंधारात सामान गाडीत भरत उभे होतो. मोबाइलमधली वेळ आपोआप बदलण्याची सोय या दोन दिवसांपुरती बंद करा.

गाडी परत करण्याआधी टाकी भरून पावती ठेवा, गाडीचा पुन्हा एकदा व्हिडिओ काढा आणि माणसाच्या हातात किल्ली देऊन कागदावर सही घ्या. अनामत रक्कम कार्डावर परत यायला काही दिवस लागतात. दंडाची चिठ्ठी मिळाली असेल तर तिच्यावरच्या मुदतीत भरा. ती भाडेकंपनीमार्फत फिरून आली की तिच्यावर कंपनीचा आकारही चढतो.